अबोल नवऱ्याचं कौतुक पुरे

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. तो अग्निशमन दलात. उंच, सावळा, दिवसाला मोजून तीन वाक्यं बोलणारा. ती अखंड बडबडी. रिक्षावाल्याशी बोलेल, भाजीवालीशी बोलेल, कुंडीतल्या तुळशीशीसुद्धा बोलेल. एके दिवशी ती लिफ्टमध्ये अडकते, नाहीतर तिच्या बिल्डिंगला आग लागते, नाहीतर तिचं मांजर झाडावर चढून बसतं. तो येतो, काम करतो, एक शब्द न बोलता निघून जातो. ती मागे लागते. दहाव्या भागात तो हसतो. तिसाव्या भागात तो स्वतःहून एक वाक्य बोलतो आणि खाली कमेंटमध्ये बदामांचा पाऊस पडतो.

गोष्टींच्या ॲपवर, रीलवर, डब केलेल्या परदेशी मालिकांत, सगळीकडे हे जोडपं भेटतं. कधी तो फायरमन असतो, कधी फौजी, कधी सर्जन. फायरमन सगळ्यात सोयीचा. त्याच्याकडे युनिफॉर्म आहे, आग आहे, आणि त्याला कुणावर गोळीही झाडावी लागत नाही. या सगळ्यावर एकच लेबल चिकटवलेलं असतं: अपोझिट्स अट्रॅक्ट.

माझं म्हणणं असं की हे लेबल खरवडून काढायला हवं. त्याच्याखाली एक नोकरी लपवली जाते आणि एक बाई राबवली जाते. जो माणूस कामामुळे गप्प झाला त्याला आपण ‘अबोल स्वभावाचा’ म्हणतो. जी बाई त्या गप्प बसण्याला घाबरून बोलत सुटली तिला ‘बडबडी’ म्हणतो. मग दोघांच्या त्रासाला रोमान्स समजून लाइक करतो.

हे बोलायचा मला हक्क आहे, कारण ती बडबडी मी आहे.

पडेगावची फिल्मी जोडी

मी पडेगावात राहते. छत्रपती संभाजीनगरातून छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळच्या दिशेनं निघालात की पडेगाव लागतं, पुढे मिटमिटा. आमच्या भागाला धूर नवा नाही. २०१८ मध्ये नारेगावचा कचरा डेपो बंद झाला, शहराला कचरा टाकायला जागा उरली नाही आणि गाड्या आमच्या बाजूला वळल्या. ७ मार्चला मिटमिटा-पडेगाव परिसरात दगडफेक, लाठीमार, जाळपोळ, सगळं झालं. त्या दिवसांपासून इथल्या लहान पोरांनाही बंबाचा आवाज आणि ॲम्ब्युलन्सचा आवाज यातला फरक कळतो.

माझा नवरा अग्निशमन दलात जवान आहे. कुठल्या दलात, कुठल्या केंद्रावर, ते लिहिणार नाही. शहरात पालिकेचं दल आहे, एमआयडीसीचं आहे, आजूबाजूच्या नगरपालिकांची आहेत. त्यातलं एक समजा. हा लेख त्यानं वाचलाय. दोन ठिकाणी खोडलंय. ते मी खोडलेलंच ठेवलंय.

आमच्या जोडीचं गल्लीत फार कौतुक आहे. शेजारच्या आपा म्हणतात, “क्या जोडी है तुमारी! एक बोलताच नै, एक रुकतीच नै.” मावससासूबाई म्हणतात, “बरं झालं बाई, देवानं बघूनच गाठ मारली. दोघं मुके असते तर घरात भिंतींनी बोलायचं का?” माझ्या ऑफिसातली पोरगी तर म्हणाली, “ताई, तुमच्यावर सिरीज निघेल.” या सगळ्यांचा जीव आहे आमच्यावर, म्हणून मी हसून सोडून देते.

पण खरी गोष्ट अशी आहे की आम्ही अपोझिट्स नव्हतोच.

माझ्या आतेबहिणीच्या हळदीत आमची ओळख झाली. तिथं त्यानं बॅण्डवाल्याची, भटजीची आणि नवरदेवाच्या रुसलेल्या मामाची अशी नक्कल केली की हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. जिओचे कॉल तेव्हा नुकतेच फुकट झाले होते. रात्री बारा ते दोन आम्ही फोनवर असायचो आणि त्यात निम्म्याहून जास्त तोच बोलायचा. मीच म्हणायचे, अरे, मलाही बोलू दे. २०१९ मध्ये लग्न झालं. तेव्हा तो नोकरीला नवा होता. ड्यूटीवरून यायचा, हातपाय धुवायचा आणि कुठल्या गल्लीत बंब कसा अडकला, कुणी शेवटी पार्क केलेली गाडी उचलून बाजूला ठेवली, हे अभिनयासकट सांगायचा.

तिसऱ्या वर्षापासून वाक्यं कमी झाली. आधी ड्यूटीच्या गोष्टी बंद झाल्या. मग सिनेमाच्या. मग ‘जेवलीस का’ एवढंच उरलं. घरात जी जागा रिकामी झाली ती मी भरायला लागले. टीव्ही लावल्यासारखी बोलायला लागले. कुकरच्या शिट्ट्यांबद्दल, आपांच्या बकरीबद्दल, पाण्याच्या टँकरबद्दल. नळाला पाणी काही दिवसांआड येतं त्या शहरात टँकर हा विषय तसा कधी संपत नाही.

आता आमच्याकडे पाहणाऱ्याला एक अबोल माणूस दिसतो आणि एक बडबडी बाई. त्याला वाटतं हे दोघं असेच जन्माला आले आणि चुंबकासारखे चिकटले. प्रत्यक्षात दोन सारखी माणसं होती. नोकरीनं एकाला एका टोकाला ढकललं, आणि तोल जाऊ नये म्हणून दुसरी दुसऱ्या टोकाला सरकली.

नाणं उडवा

विरुद्ध स्वभावाची माणसं एकमेकांकडे ओढली जातात, हे वाक्य ऐकायला फार जुनं वाटतं. त्याला शास्त्राचा शिक्का मिळाला तो १९५० च्या दशकात. रॉबर्ट विंच या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं मांडलं की जोडीदार निवडताना माणूस आपल्यात जे नाही ते शोधतो. ज्याला हुकूम सोडायला आवडतं त्याला ऐकणारी भावते, वगैरे. हा निष्कर्ष त्यानं २५ जोडप्यांच्या अभ्यासावर उभा केला होता. पुढे इतरांनी तेच तपासून पाहिलं तेव्हा त्याला फारसा आधार मिळाला नाही. सिद्धांत मागे पडला, पण वाक्य सिनेमावाल्यांनी उचललं आणि अजून खाली ठेवलेलं नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९०३ पासूनचे जवळपास २०० अभ्यास एकत्र करून जोडप्यांमधले २२ गुण तपासले. शिवाय ब्रिटनमधल्या सुमारे ८० हजार जोडप्यांची माहिती पाहिली. बहुतेक बाबतींत जोडीदार एकमेकांसारखे निघाले. शिक्षण सारखं, धर्म आणि राजकीय मतं सारखी, दारू-सिगारेटच्या सवयीसुद्धा सारख्या. बोलकेपणाच्या बाबतीत मात्र फारसा नियमच सापडला नाही. बोलक्या माणसाला बोलका जोडीदार मिळेल की अबोल, हे जवळजवळ नाणं उडवल्यासारखं. म्हणजे मावससासूबाईंनी ज्याला देवाची गाठ म्हटलं ती फार तर छापा-काटा आहे.

आपल्याकडे एवढंही संशोधन लागत नाही. कुठलाही वधूवर मेळाव्याचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. जात तीच. पोटजात शक्यतो तीच. शिक्षण जुळणारं, पगार जुळणारा, गावही फार लांब नको. देशपातळीवरच्या पाहण्यांमध्ये आंतरजातीय लग्नांचं प्रमाण ५ ते १० टक्क्यांच्या आसपास दिसतं. विरुद्ध टोकं खरंच एकमेकांकडे ओढली गेली असती तर आधी या भिंती पडल्या असत्या. आमच्या शहरात बाबासाहेबांनी १९५० मध्ये कॉलेज सुरू केलं. त्याच्याही आधी, १९३६ मध्ये, जात मोडायची तर आंतरजातीय लग्नं व्हायला हवीत, असं ते लिहून मोकळे झाले होते. त्या विरुद्ध टोकांवर कोणी बदाम टाकत नाही. तिथं पोलीस स्टेशन, भाऊ आणि काठ्या येतात.

मग टाळ्या कुठल्या विरोधाला पडतात? नवरा गप्प, बायको बोलकी, एवढ्यालाच. कारण त्यात कुणाचं काही बिघडत नाही. घराणं तेच, पंगत तीच, आणि वर प्रेमकथा केल्याचं समाधान.

हीच जोडी उलटी करून बघा. बायको अबोल आणि नवरा बडबड्या. आता कोणी रोमान्स म्हणत नाही. तिला घुमी म्हणतात, शिष्ट म्हणतात, ‘तोंडात तीळ भिजत नाही का’ ऐवजी ‘तोंडाला कुलूप आहे का’ विचारतात. त्याला बाष्कळ म्हणतात. पुरुषाचं न बोलणं खोल आणि बाईचं न बोलणं खोट, हा हिशोब ज्या गोष्टीत आधीच ठरलेला असतो, तिला स्वभावांची गोष्ट कशाला म्हणायचं?

आग दिसते, विहीर दिसत नाही

अग्निशमनचा जवान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ज्वाळा येतात. मराठवाड्यात त्याच्या वाट्याला पाणीही तेवढंच येतं. कुणी विहिरीत उडी घेतली, तलावात पोहायला गेलेलं पोर वर आलं नाही, की कॉल अग्निशमनला. गळ टाकायचा, दोर सोडायचा, कधी स्वतः उतरायचं. वर काठावर गाव उभं असतं आणि त्यात त्या पोराची आई असते. अपघातात चेपलेल्या गाडीचा पत्रा कापायचा असतो. मांज्यात अडकलेली घार सोडवायचा कॉल आला की माणसं सुटका झाल्यासारखी जातात.

आणि आगी आहेतच. २९ ऑक्टोबर २०१६ ला, ऐन दिवाळीत, आमच्या शहरात जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा फटाक्यांचा बाजार पेटला. शंभरावर स्टॉल जळाले. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज एमआयडीसीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि ६ कामगार गेले. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छावणीत, पडेगावपासून हाकेच्या अंतरावर, शिवणकामाच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेले एकाच कुटुंबातले ७ जण धुरानं गुदमरले. त्यात लहान मुलं होती.

यातल्या कुठल्या ठिकाणी माझा नवरा होता आणि कुठल्या नव्हता, ते सांगणार नाही. एवढंच सांगते की अशा जागेवरून घरी आलेल्या माणसाला ‘संध्याकाळी कुठली भाजी करू’ या प्रश्नाचं उत्तर सापडत नाही. तो भाजीवर रुसलेला नसतो. त्याला प्रश्न लांबून ऐकू येतो.

कामावर कमी बोलणं हे कसब आहे, हे मला मान्य आहे. तोंडावर बीए सेटचा मास्क असतो, पाठीवरच्या सिलेंडरमध्ये हवा मोजकी असते आणि बोललं की ती लवकर संपते. धुरात दोराच्या ओढीवरून खुणा कराव्या लागतात. तिथं गप्प राहणं म्हणजे जीव वाचवणं. भरती झाल्यावर तो मास्क चढवायला शिकवतात, किती सेकंदांत चढवायचा तेही शिकवतात. गप्प राहण्याचा मास्क घरी आल्यावर कसा उतरवायचा, याचा तास आमच्या घरातल्या माणसाला तरी कुणी घेतला नाही.

२०१२ मध्ये जगभरातल्या बचाव कर्मचाऱ्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. त्यात २० हजारांवर माणसं होती: अग्निशमनवाले, ॲम्ब्युलन्सवाले, पोलीस. साधारण १० टक्क्यांमध्ये पीटीएसडी, म्हणजे भयंकर काही पाहिल्यानंतर मनाला जडणारा आजार दिसला. झोप उडणं, तेच ते दृश्य परत परत येणं, जवळच्या माणसांपासून तुटल्यासारखं वाटणं, ही त्याची लक्षणं. आता शेवटचं लक्षण परत वाचा आणि रोमान्सच्या हिरोचं वर्णन आठवा. ‘तो सगळ्यांत असून कुणातच नसतो.’ ‘त्याच्या डोळ्यांत काहीतरी खोल होतं.’ दवाखान्यात जे लक्षण आहे ते गोष्टीत सौंदर्य होऊन येतं.

माझ्या नवऱ्याला तो आजार आहे असं मी म्हणत नाही. ते डॉक्टरनं ठरवायचं. पण तो स्वभावानं अबोल नाही, हे मी छातीठोक सांगू शकते. एकदा डबा विसरला म्हणून केंद्रावर द्यायला गेले. आत सातआठ जण पोट धरून हसत होते आणि मध्ये उभा राहून माझा नवरा साहेबांची नक्कल करत होता. तीच हळदीतली नक्कल, तेच हातवारे. मला दारात पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. “ठेव तिथं,” म्हणाला.

त्या दिवशी मला राग आला होता, हे उघड आहे. पण त्यामागचं कोडं अवघड नाही. तिथल्या माणसांना काही समजावून सांगावं लागत नाही. ती विहीर त्यांनीही पाहिलेली असते. घरी बोलायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि मग ते चित्र माझ्याही डोक्यात जाऊन बसेल, अशी त्याला भीती. म्हणून त्यानं ती विहीर झाकली. झाकणाखाली नकला, सिनेमा, भांडणं, सगळंच गेलं.

बाई म्हणजे मलम

या गोष्टीतल्या मुलीला काम एकच: त्याला बोलतं करणं. तिची स्वतःची नोकरी असते, आईबाप असतात, परीक्षा असते, पण ते सगळं पार्श्वभूमीला. तिच्या उत्साहाला तळ नसतो. ती कधी थकत नाही, कधी तिला कंटाळा येत नाही, कधी तिच्यावर वाईट दिवस येत नाही. आला तर तो तिला कुशीत घेतो आणि भाग संपतो. म्हणजे तिचा वाईट दिवससुद्धा त्याच्या हळवेपणाचा पुरावा म्हणून वापरला जातो.

आमच्याकडे हे काम मी करते आणि सगळे मला शाबासकी देतात. “तुझ्यामुळे तो माणसांत आहे.” किती छान वाक्य आहे हे, आणि किती जड. याचा अर्थ, मी एक आठवडा गप्प बसले तर तो माणसांतून उठेल आणि दोष माझा. दलाचा नाही, ज्यांनी ड्यूटीच्या वेळा लावल्या त्यांचा नाही, ज्यांनी कधी विचारलं नाही त्यांचा नाही. इतकी वर्षं मी तापात बोलले, वडील गेले तेव्हा तेराव्यानंतर दोन दिवसांत बोलले. घर पडेल की काय, या भीतीनं.

समोरच्याचं गप्प बसणं फक्त त्याच्या घशात राहत नाही. २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन-दोन अनोळखी बायकांना एक अस्वस्थ करणारी फिल्म दाखवली आणि त्यावर बोलायला बसवलं. काही जोड्यांमध्ये एकीला गुपचूप सांगितलं होतं की मनातलं चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही. संबंध जुळायला त्रास झालाच, शिवाय समोर बसलेल्या बाईचं ब्लडप्रेशरही वाढलं, जिला या सूचनेबद्दल काही माहीतच नव्हतं. ध्यानात घ्या, दोघीही बायका होत्या. मन दाबणं हा पुरुषी स्वभावाचा दागिना नाही. ते कुणालाही सांगून करता येतं आणि शेजारी बसणाऱ्याला त्याचा त्रास होतो.

म्हणून ‘बडबडी’ या शब्दाचा मला राग येतो. मी बोलते तेव्हा निम्मा वेळ मी टेहळणी करत असते. कुठल्या शब्दावर त्याचा चेहरा हलला? आज झोपला का? दार लावल्याचा आवाज नेहमीसारखा होता का? मंगल कार्यालयात गेलो की तो आधी मागचं दार कुठे आहे ते बघतो आणि मी तो दार बघतोय का ते बघते. याला चुलबुली म्हणायचं असेल तर म्हणा. माझ्या दृष्टीनं ही दुसरी शिफ्ट आहे, आणि तिला पगारही नाही, सुट्टीही नाही.

काही माणसं शांतच असतात, मग?

आता तुम्ही म्हणाल, सगळेच अबोल लोक दुखावलेले नसतात. बरोबर आहे. माझे सासरे आयुष्यभर कमी बोलले. त्यांच्याजवळ बसलं की बरं वाटायचं. ते ऐकायचे, मान हलवायचे, वेळेला नेमकं एक वाक्य बोलायचे. त्यांच्या शांतपणात जागा होती, माणूस तिथं जाऊन बसू शकत होता.

मराठीनं यासाठी आपल्याला वेगवेगळे शब्द दिलेत. अबोल हा स्वभाव. अबोला ही शिक्षा, रुसून धरलेली. आणि गप्प होणं ही घटना, जी कधीतरी घडते, जिला तारीख असते, बहुतेक वेळा कारणही असतं. रोमान्सवाले या तिन्हींची भेसळ करून एकाच बाटलीत भरतात आणि ‘इंट्रोव्हर्ट’ असं छापतात. खऱ्या इंट्रोव्हर्ट लोकांवरही हा अन्यायच आहे. त्यांना दुरुस्त करायला कुणी बडबडी मुलगी धाडायची गरज नसते.

फरक ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. तो पूर्वीही असाच होता का? आणि तो सगळीकडे असाच आहे का? दोन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर तो शांत माणूस आहे, त्याला सुखानं राहू द्या. एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर मध्ये काहीतरी घडलंय.

फायरमन म्हटला की घुम्मच असायचा, हेही खोटं आहे. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या महिला म्हणजे हर्षिनी कान्हेकर, नागपूरच्याच. त्यांच्या मुलाखती पाहा. मनमोकळं बोलतात, हसतात, बाइकच्या सफरींबद्दल सांगतात. आगीशी लढायला मुकेपणा लागतो, असं त्यांच्याकडे पाहून वाटत नाही. आता सांगा, फायरमन बाई असेल आणि बोलकी असेल, तर आपल्या गोष्टीत तिच्यासाठी कुठला रोल आहे? तिला वाचवायला कोण येणार आणि तिला बोलतं कोण करणार? तिथं साचाच मोडतो.

‘अगं, पण यात प्रेम कुठे आहे?’ असंही कुणी विचारेल. आहे ना. रात्री झोपण्याआधी तो गॅसचा रेग्युलेटर दोनदा तपासतो, आपांच्याही घरी जाऊन तपासून येतो. माझ्या चार्जरची वायर उघडी पडली तर सांगत बसत नाही, नवी आणून ठेवतो. मला ते सगळं दिसतं. त्या प्रेमावर माझा आक्षेप नाही. त्याच्या गप्प बसण्यालाच प्रेमाची खूण ठरवण्यावर आहे. त्यामुळे तो बरा व्हावा असं कुणालाच वाटत नाही. बरा झाला तर हिरो जाईल ना!

मग करायचं काय

१४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १९४४ मध्ये त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान मेले. आमच्या शहरात १४ एप्रिल म्हणजे भीमजयंती. रस्ते निळे, मिरवणुका, आणि जवान बंब घेऊन बंदोबस्ताला. त्यांच्या दिवशीही ते ड्यूटीवर असतात. भाषणांत ‘निःशब्द योद्धे’ वगैरे म्हणतात. २०१५ च्या मे महिन्यात मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, त्यात प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाचे ४ अधिकारी गेले, तेव्हाही शब्द तेच होते. निःशब्द. जिवंतपणी माणसाला शब्द द्यायचे नाहीत आणि मेल्यावर निःशब्द म्हणून हार घालायचा.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. दलांकडे समुपदेशक असावा, आणि त्याच्याकडे जाणं हजेरीत धरलं जावं, कमकुवतपणात नाही. एखाद्या भयंकर कॉलनंतर सगळ्यांना एकदाच बसवून ‘बोला’ म्हणायचं, हा उपाय चालत नाही. अशा एकाच बैठकीनं पुढचा आजार टळत नाही, हे २००२ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं होतं. लागतं ते सावकाश, परत परत विचारणारं माणूस. शक्यतो त्याच कामातलं, ज्याला विहीर समजावून सांगावी लागत नाही. आणि लागतात पुरेशी माणसं, म्हणजे रात्रीचा कॉल करून आलेल्याला झोपू देता येईल. २०२२ पासून १४४१६ या नंबरवर सरकारची टेली-मानस ही मोफत मदतसेवा आहे, मराठीतही बोलता येतं. हा नंबर केंद्रावर होजच्या शेजारी रंगवा. आमच्यासारख्या घरच्यांनाही द्या. आम्हीही त्या धुरातच राहतो.

नातेवाइकांनो, शेजाऱ्यांनो, त्याला ‘काय रे, बोलत का नाहीस’ असं दहा जणांत विचारू नका. आणि मला ‘तू आहेस म्हणून’ हे सांगू नका. त्याऐवजी कधीतरी एक संध्याकाळ त्याच्याशी कॅरम खेळायला या. मला दोन तास कुठे तरी एकटीनं जाऊ द्या.

आणि गोष्टी लिहिणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, तुमचा हिरो फायरमन ठेवा, हरकत नाही. त्याची ड्यूटी किती तासांची ते लिहा. त्यानं या आठवड्यात विहिरीतून काय वर काढलं ते लिहा. तो केंद्रावर किती हसवतो ते लिहा, म्हणजे तो घरी का हसवत नाही हा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल. तुमच्या हिरॉइनला पूर्ण एक भाग गप्प बसवा. ती थकलीय, तिला बोलायचं नाही. आता घरातली ती शांतता कोण मोडणार? मोडायला त्यानं तोंड उघडलं, अडखळत का होईना, तर मीही खाली बदाम टाकीन.